चौऱ्याऐंशी इंच, शेवटच्या खाटेपर्यंत

बुधवार, ६ नोव्हेंबर. सकाळी धुकं, नंतर स्वच्छ ऊन. न्हाणीघराचा नळ पुन्हा गळतो. वायसर आणायला हवा. चष्म्याचा स्क्रू निसटला होता, सुईच्या टोकाने बसवला. पोस्टमनने शेजाऱ्यांचं पाकीट आपल्याकडे टाकलं, नेऊन दिलं. धाकटी दुपारीच घरी आली. जेवली नाही. गळ्यात टेप नव्हता. मी विचारलं नाही.

थोरलीच्या डायरीत ‘विचारलं नाही’ हे शब्द फार क्वचित येतात. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी लहानपणी तिला रोज चार ओळी लिहायची सवय लावली. पुढे नवरा गेला, दात गेले, सवय गेली नाही. लिहायचं ते विचारून, खात्री करून लिहायचं, हेही सिस्टरांचंच. पण त्या दुपारी धाकट्या जावेच्या मोकळ्या गळ्याकडे पाहून तिची जीभ रेटली नाही. ती गळणाऱ्या नळाखाली बादली सरकवायला म्हणून उठून गेली.

जावा-जावा उभा दावा म्हणतात. या दोघींचाही दावा होता, पण तो खिडक्यांवरून. थोरलीला खिडकी उघडी लागते, धाकटीला प्रत्येक खिडकीला पडदा. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. एकामागून एक दोघेही गेले, मुलं आपापल्या नोकऱ्यांच्या मागे गेली, आणि तीन खोल्यांत या दोघी उरल्या. भांडण सोडवायला तिसरं माणूस नसल्यामुळे भांडणं आपोआप कमी झाली.

धाकटीला घराबाहेर सगळे टेपताई म्हणतात. पडद्यांच्या कारखान्यात ती लागली तेव्हा नवी नवरी होती. आधी हुक लावायची, मग काठ दुमडून शिवायची. एक दिवस तिथल्या तेव्हाच्या म्हाताऱ्या मास्तरांनी पाहिलं की ही मुलगी कापड मोजून झालं की उलट्या टोकाकडून पुन्हा मोजते. त्यांनी तिला शिलाईवरून उचललं आणि मापावर घेतलं. लोकांच्या घरी जायचं, खिडकी-दाराची लांबी-रुंदी घ्यायची, कागदावर मांडायची. मास्तरांनी फारसं शिकवलं नाही, एक मात्र ठोकून ठोकून सांगितलं. आकडा एकटा सोडायचा नाही, त्याला आडनाव लावायचं. “नुसतं दोनशे लिहिलंस तर कापणाऱ्याने काय समजावं? सेंटिमीटर की इंच? तो आपला इंच समजेल, आणि तो पडदा मग आपण तंबू म्हणून विकायचा!”

तेव्हापासून तिने इंच लिहिल्याशिवाय एकही माप लिहिलं नाही. टेपही गळ्यातून उतरवला नाही. कुणाला भेटायला गेली तरी तो गळ्यात. एकदा डॉक्टरांनी छाती तपासताना तो बाजूला केला, तर ही म्हणाली, “डॉक्टर, जरा सांभाळून, टोक नवीन आहे.” डॉक्टरांनी नंतर आपल्या घरच्या सगळ्या खिडक्या तिच्याकडूनच मापून घेतल्या.

कारखान्यात एक पद्धत आहे, ती सांगायला हवी. मापांची यादी छापून झाली की तिच्या आडव्या पट्ट्या कापतात. एका पडद्याची एक पट्टी. ती पट्टी त्या पडद्याच्या कापडाला टाचणीने लावतात. मग कापड कापायला जावो, शिवायला जावो की इस्त्रीला, माप त्याच्या अंगावरच असतं. अखंड यादी छापल्यानंतर कुणीच बघत नाही. जो तो आपल्या हातातल्या कापडाची पट्टी बघतो.

मालक थकून घरी बसले आणि त्यांच्या मुलाने कारभार हाती घेतला. तेच धाकटे मालक. माणूस वाईट नाही, पण पायाला भिंगरी. कापायचं काम त्यांनी शहराबाहेरच्या शेडमध्ये हलवलं आणि मापं कॉम्प्युटरच्या शीटवर भरायची असं ठरवलं. पूर्वी शंका आली की कटिंगमास्तर धापा टाकत जिना चढून टेपताईकडे यायचे, चहा प्यायचे, शंका विचारायची विसरून खाली जायचे आणि पुन्हा वर यायचे. धाकट्या मालकांना हा प्रकार पसंत नव्हता. “शीटवर असेल ते कापा. विचारत बसू नका,” अशी त्यांनी मास्तरांना तंबी दिली. मास्तरांनी ती मनाला लावून घेतली आणि विचारणं साफ बंद केलं.

टेपताईला शीट भरायला शिकवलं हिशेबनीसबाईंनी. दोघी एकाच वयाच्या, डबा एकत्र खाणाऱ्या. टेपताई एकेक अक्षर शोधून टाइप करायची, ते बघून हिशेबनीसबाईंचा जीव वरखाली व्हायचा.

“अगं, सगळ्यांचं माप एकच असेल तर प्रत्येक ओळीत काय लिहीत बसतेस? वरच्या चौकटीत एकदा लिही. आता तिच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात बघ, बारीकसा ठिपका आहे ना? त्याला माऊसने धर आणि ओढ खाली. पडदा ओढतेस तसा.”

त्यांनी ८४ लिहिलं, कोपरा धरला, ओढला. खालपर्यंत ओळीने ८४ उमटले.

“जादूच की गं!”

“जादू कसली, आळस. आळशी माणसांनीच शोधलंय हे सगळं.”

आता त्या बुधवारी काय झालं ते.

एका इस्पितळाच्या नव्या वॉर्डात खाटांभोवतीच्या पडद्यांचं काम कारखान्याला मिळालं होतं. चोवीस खाटा, सगळे रूळ एकाच उंचीवर. माप एकच, चौऱ्याऐंशी इंच. खाली फरशी पुसता यावी म्हणून वीतभर जागा मोकळी. टेपताईने प्रत्येक खाटेपाशी मोजलं, दोन्हीकडून मोजलं, आणि शीट भरून छापायला दिलं. काम वेळेत झालं. मंगळवारी फिटर पडदे लावून गेले. बुधवारी सकाळी मेट्रनबाईंचा फोन आला.

धाकटे मालक आणि टेपताई दोघंही धावत गेले. वॉर्डाच्या दारातूनच दिसत होतं. पहिल्या खाटेचा पडदा नेमका. दुसरा किंचित खाली. तिसरा आणखी. दहाव्या खाटेच्या आसपास पडदा फरशीला टेकला होता, आणि शेवटच्या खाटेचा तर हातभर जमिनीवर लोळत पडला होता.

मेट्रनबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. “मी पडदे मागितले होते. जिना नाही.”

फिटर बाजूला उभा होता. धाकटे मालक त्याच्यावर घसरले. “लावताना दिसलं नाही तुला?”

“साहेब, आम्ही रुळाकडे बघतो. खाली बघायचं काम आमच्याकडे नाही.”

शेडमध्ये फोन लावला. कटिंगमास्तर म्हणाले, “ज्या कापडाला जी पट्टी, तसं कापलं. मध्ये एकदा वाटलं, मापं वाढत चाललीत. म्हटलं, वॉर्डाला उतार असेल. इस्पितळात असतो ना, ढकलगाडीसाठी? विचारणार होतो, पण विचारायचं नाही असं ठरलंय.”

धाकट्या मालकांनी फोन ठेवला. परत आल्यावर त्यांनी टेपताईसमोर शीट उघडलं. वर तिचं नाव होतं. खाली लांबीचा रकाना. ८४ इंच. ८५ इंच. ८६ इंच. सरळ खाली, एकशे सात इंचांपर्यंत.

“हे तुम्हीच भरलंत ना, ताई?”

“मीच.”

“दुसऱ्या कुणी हात लावला होता?”

“नाही.”

“मग हे काय आहे?”

तिने चौऱ्याऐंशी मोजले होते, एवढं तिला पक्कं माहीत होतं. समोरच्या रकान्यातले पंच्याऐंशी, शहाऐंशी, सत्याऐंशी तिने कधी लिहिले, हे तिला आठवत नव्हतं.

धाकटे मालक आवाज चढवत नाहीत, त्यामुळे त्यांचं बोलणं जास्त लागतं. “जिवावरचं शेपटावर निभावलं म्हणायचं. लांब झालेत, आखूड नाही झाले. कापून पुन्हा दुमडता येतील. पण इस्पितळाच्या वरच्या मजल्याचं माप आता मी स्वतः घेईन, मोजायचं लेझर यंत्र आणलंय त्यासाठी. तुम्ही काही दिवस हुकांवर बसा. डोळ्यांना आराम पडेल.”

डोळ्यांचं नाव त्यांनी भलेपणाने घेतलं होतं. टेपताईने टेप गळ्यातून काढला, गुंडाळला, आपल्या खणात ठेवला आणि ती घरी आली.

दुसऱ्या दिवसापासून ती हुकांवर बसली. तिथल्या मुली तिला अहो-जाहो करत होत्या, तेच तिला जड जात होतं. गुरुवारी आणि शुक्रवारी दुपारी इस्पितळात जाऊन तिने लांब झालेले पडदे उतरवले, मुलींकडून दुमडून घेतले, परत अडकवले. कारखान्याचा दुसरा टेप मागून घेऊन तिने प्रत्येक रुळाखाली पुन्हा मोजलं. सगळीकडे चौऱ्याऐंशीच. म्हणजे मोजताना चूक नव्हती. तिला दिलासा वाटायला हवा होता, पण वाटला नाही. मोजलं बरोबर, आणि लिहिलं भलतंच. लिहिल्याची आठवणही नाही.

हे असंच तिने एकदा जवळून पाहिलं होतं. तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आईने चाव्यांचा जुडगा साखरेच्या डब्यात ठेवला आणि कुणी ठेवला म्हणून घरभर चौकशी केली. सगळे हसले. आईही हसली. पुढच्या वर्षी तिने मुलीला विचारलं, “तुम्ही कोणाकडच्या?”

घरात टेपताई स्वतःची परीक्षा घेऊ लागली. गॅस बंद केला का, हे बघायला उठायची, बंदच असायचा. बसून राहायची, पुन्हा उठायची. थोरलीने काही विचारलं की आधी डोळे मिटून उत्तर जुळवायची आणि मग बोलायची. शनिवारी ती स्वयंपाकघरात उभी राहून पुटपुटत होती.

“काय गं, काय पुटपुटतेस?” थोरली म्हणाली.

“काही नाही. भावंडांची नावं.”

“का? कुणी हरवलंय?”

टेपताई हसली नाही, तेव्हा थोरलीने आपलं विचारायचं नाही हे व्रत सोडायचं ठरवलं.

रविवारी सकाळी दोघी गच्चीवर वाळलेल्या चादरींच्या घड्या करत होत्या. चादर मोठी असल्यामुळे दोघींनी समोरासमोर टोकं धरायची, ताणायची, एकीने पुढे येऊन दुसरीच्या हातात द्यायची. त्यात एक बरं असतं. बोलणारी जवळ येते, बोलून होतं, आणि परत लांब जाता येतं.

“टेप कुठे आहे?” थोरली टोकं देताना म्हणाली.

“खणात.”

“का?”

मग टेपताईने सगळं सांगितलं. पडदे, जिना, शीट, हुक. आईचं सांगताना तिने चादर छातीशी धरली आणि ती चुरगळली. “जाऊबाई, माझं डोकं चाललंय. हाताने लिहिते आणि कळत नाही काय लिहिलं. तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते. पुढे मी काही भलतंच वागले तर मुलांना कळवा.”

थोरलीने तिच्या हातातून चादर काढून घेतली, झटकली. “किती चुकलं म्हणालीस?”

“एकेक इंच. प्रत्येक पडद्याला.”

“म्हणजे एकदा एक, मग दोन, मग तीन?”

“हो. शेवटपर्यंत.”

“मध्ये कुठे गाळलं? कुठे उलटं झालं?”

“नाही. ओळीने.”

“धर टोक.” दोघींनी चादर ताणली. थोरली म्हणाली, “तुझ्या आईची सेवा तू केलीस, मी आपल्या सासूबाईंची केली. त्यांनी एक चप्पल फ्रिजमध्ये ठेवली होती आणि दुसरी कधीच सापडली नाही. आठवतंय? विसरणाऱ्या माणसाला शिस्त नसते गं. डोकं जातं तेव्हा असं पाढे म्हणत जात नाही.”

“म्हणजे कॉम्प्युटरने केलं म्हणता? नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतील मला.”

“मी कॉम्प्युटरचं काही म्हणत नाही. त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. चुकीबद्दल सांगते. अशी चूक माणसाची नसते. आणि समजा उद्या विसरायला लागलीसच, तर विसरशील तेव्हा विसरशील. त्यासाठी आजपासून गॅस बघायला उठायची गरज नाही. माझी झोप मोडते.”

सोमवारी टेपताई लवकर कारखान्यात गेली. हिशेबनीसबाई नुकत्याच येऊन पर्स ठेवत होत्या.

“मला ते ओढायचं पुन्हा दाखव.”

“हुकांवर बसून ओढायचं काय काम पडलं तुला?”

“दाखव म्हणते ना.”

हिशेबनीसबाईंनी नवीन शीट उघडलं, ८४ लिहिलं, कोपरा धरून खाली ओढलं. सगळे ८४. पुन्हा केलं. सगळे ८४.

“बघ, काही बिघाड नाही.”

टेपताई शेजारच्या खुर्चीत बसली. थोरलीने दिलेला सगळा धीर एका मिनिटात संपला. हिशेबनीसबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि माऊस तिच्यापुढे सरकवला. “हे घे. त्या दिवशी जसं केलंस तसं कर. माझ्यासारखं नको. तुझ्यासारखं.”

टेपताईने एकेक बटण शोधलं. आठ. चार. मग जागा सोडली आणि ‘इंच’ लिहिलं. कोपरा धरला, खाली ओढला, सोडला. पडदा सर्रकन सरकला तसा आकडा खाली गेला. वरून खाली वाचायला तिला वेळ लागला. हिशेबनीसबाईंनी आधी वाचलं.

“अगं बाई! पंच्याऐंशी. शहाऐंशी.”

“मी नाही लिहिलं. तू बघितलंस ना? मी फक्त ओढलं.”

“बघितलं की! तू इंच लिहिलंस ना शेजारी? नुसता आकडा असला की हे आकडा उतरवतं. शेजारी अक्षर दिसलं की त्याला वाटतं, हा क्रमांक आहे. खोली एक, खोली दोन, खोली तीन. न सांगता पुढचं मोजतं. अतिशहाणं.”

“मग मला त्या दिवशी का नाही सांगितलंस?”

“मला काय ठाऊक तू आकड्यांना शेपट्या लावतेस! मी जन्मात कधी शेजारी काही लिहिलं नाही.”

टेपताई तोंडावर पदर धरून बसली होती. रडत होती की हसत होती ते हिशेबनीसबाईंना कळलं नाही, म्हणून त्यांनी पाण्याचा ग्लास आणला आणि चहाही सांगितला.

मग दोघींनी मिळून त्या अतिशहाण्याला ताळ्यावर आणायचा उपाय शोधला. ओढून सोडलं की शेवटच्या चौकटीपाशी एक लहानसं चित्र उमटत होतं. त्याच्यावर टिचकी मारली की यादी उघडत होती: नुसती नक्कल करायची की क्रमाने वाढवायचं. नक्कल निवडली की सगळे आकडे मुकाट्याने ८४ इंच होत होते. “हे झाल्यावर निस्तरायचं,” हिशेबनीसबाई म्हणाल्या. “आधीच चुकू नये म्हणून वेगळं आहे. डाव्या हाताने हे कंट्रोलचं बटण दाबून धर. धरूनच ठेव. आता उजव्या हाताने ओढ.”

टेपताईने तसं केलं. बाणाशेजारी अधिकचं चिन्ह उमटलं.

“हे काय, अधिक? म्हणजे वाढवणार!”

“नाही गं, अधिक दिसलं की वाढवत नाही.”

“हा कुठला न्याय?”

“मी का केलाय? ओढ.”

ओढलं. खालपर्यंत ८४ इंच. पण तिने डावा हात आधी उचलला तेव्हा पुन्हा ८५, ८६ सुरू झालं. तिसऱ्या वेळी तिने आधी माऊस सोडला, मग डावा हात. जमलं. शिलाईवर होती तेव्हा जादा कापड कापताना तिने हेच तर केलं होतं. डाव्या हाताने कापड दाबून धरायचं, उजव्या हाताने कात्री पुढे, आणि कात्री थांबल्याशिवाय डावा हात हलवायचा नाही. चहा आला तोवर तिने एवढ्या वेळा ओढलं होतं की हिशेबनीसबाई म्हणाल्या, “पुरे. इस्पितळात एवढ्या खाटा नाहीत.”

टेपताई खणापाशी गेली, टेप काढून गळ्यात घातला आणि धाकट्या मालकांच्या खोलीत गेली. हिशेबनीसबाई साक्षीला मागोमाग.

धाकट्या मालकांनी ऐकलं. मग स्वतः ‘८४ इंच’ लिहून ओढलं. आकडे वाढले. “हॅ!” ते म्हणाले, आणि पुन्हा एकदा ओढून बघितलं. “म्हणजे तुम्ही लिहिलंच नव्हतं.”

“लिहिलं नव्हतं. पण पाठवण्याआधी खालपर्यंत बघितलंही नव्हतं. वरची ओळ बघितली आणि छापायला दिलं. ती चूक माझी. ती मी घेते. दुसरी घेत नाही.”

“सोपं आहे मग. इंच लिहायचं सोडून द्या. रकान्याच्या वर एकदाच लिहा.”

“वरचं कुठे जातं, साहेब? पट्ट्या कापल्या की मथळा टेबलावर राहतो आणि कापड शेडमध्ये जातं. गेल्या महिन्यात त्या हॉटेलवाल्याने सगळी मापं सेंटिमीटरमध्ये दिली होती. मास्तरांनी काय समजायचं?”

धाकटे मालक खुर्चीत मागे टेकले. मग पुढे वाकून काहीतरी करू लागले. “एक करता येतं. चौकटीत नुसता आकडा ठेवायचा, आणि रकान्याला असं सांगून ठेवायचं की दाखवताना शेजारी इंच दाखव. आकडा आकडाच राहील, ओढला तरी वाढणार नाही, आणि पट्टीवर इंच छापून येईल.” त्यांनी करून दाखवलं. खरंच तसं झालं.

“हे चांगलं आहे,” टेपताई म्हणाली. “हे लावून द्या. पण डाव्या हाताचंही मी सोडणार नाही. तुम्ही ह्या शीटला लावाल. उद्या कुणी मला दुसरं शीट उघडून दिलं तर?”

“दोन्ही करा. आणि छापण्याआधी पहिली आणि शेवटची ओळ मास्तरांना फोनवर वाचून दाखवा.”

“त्यांनी काही विचारायचं नाही असं ठरलंय,” हिशेबनीसबाई म्हणाल्या.

“ते आता बदललं,” धाकटे मालक म्हणाले. “मीच सांगतो त्यांना.”

टेपताई जागची हलली नाही. ज्यासाठी ती आली होती ते अजून कुणी बोललं नव्हतं, आणि ते आपण होऊन विचारायचं नाही असं ती टेप गळ्यात घालतानाच ठरवून आली होती. धाकट्या मालकांनी वर पाहिलं. टेबलावर लेझरचं नवं यंत्र पडलं होतं. ते उचलून त्यांनी खिशात घातलं.

“वरच्या मजल्याचं माप उद्यापासून घ्यायचंय. डॉक्टरांची फेरी सुरू व्हायच्या आत आटपायचं, अशी मेट्रनची अट आहे. म्हणजे सहाला तिथे हजर. चालेल?”

“चालेल.”

“मी लेझर आणतो, तुम्ही टेप आणा.”

“आणि जुळलं नाही तर?”

“तर तिसऱ्यांदा मोजू.”

“मेट्रनना काय सांगणार?”

“जे झालं ते. त्यांच्याकडेही शीट आहेत, समजेल त्यांना.” मग जरा थांबून ते म्हणाले, “डोळ्यांचं बोललो ते राहू द्या.”

“ते मी मनात धरलं नव्हतं,” टेपताई म्हणाली. धरलं होतं, पण ते सांगण्यात आता अर्थ नव्हता.

घरी आल्यावर तिने थोरलीला उभ्याउभ्याच सांगितलं. अधिकचं चिन्ह, डावा हात, उजवा हात, टेबलावर बोटं नाचवून सांगितलं. थोरलीला त्यातलं अर्धंच कळलं. तिने एवढंच विचारलं, “म्हणजे डोकं ठिकाणावर आहे?”

“आज तरी आहे.”

“आजचंच विचारते. बस, जेवून घे.”

जेवताना टेपताईने थोरलीच्या खिडकीला पडदा लावायचा विषय पुन्हा काढला. थोरलीने पुन्हा नाही म्हटलं. टेपताई सकाळी लवकर निघायचं म्हणून झोपायला गेली. थोरलीने टेबल पुसलं, चष्मा घातला आणि लिहिलं:

सोमवार, ११ नोव्हेंबर. थंडी वाढली. लोकरीचं पांघरूण काढून उन्हात टाकलं. धाकटी पोटभर जेवली. उद्यापासून ती पहाटेच जाणार, सकाळचं दूध मी घ्यायचं.